वालेन्सियातला उन्हाळी बार्बेक्यू: अर्जापासून राखेपर्यंत

स्पेनमध्ये नव्याने आलेली मराठी कुटुंबं पहिल्याच उन्हाळ्यात एखाद्या शेजाऱ्याकडे ‘बार्बाकोआ’ला जेवून येतात आणि मग त्यांना परत बोलावायची वेळ येते. चोरिसो, म्हणजे डुकराचं मसालेदार सॉसेज, कुठला घ्यायचा, कोळसा किती लागतो, हे प्रश्न नंतरचे. जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत आपण बसणार त्या जागी विस्तव पेटवायला मुळात मुभा आहे का, ते आधी बघावं लागतं. आमचा बेत २८ जूनच्या शनिवारी संध्याकाळी पार पडला. बारा मोठी माणसं, चार मुलं. मोठ्यांपैकी पाच शाकाहारी, तीन जण डुकराचं मांस न खाणारे, उरलेले चार स्पॅनिश शेजारी. ज्यांना हे पहिल्यांदा करायचंय त्यांच्यासाठी मेपासून जुलैपर्यंतचं सगळं क्रमाने लिहितो आहे.

आम्ही राहतो ते गाव वालेन्सिया शहराच्या वायव्येला, काम्प दे तुरिया या पट्ट्यात आहे. उत्तरेला सिएरा काल्देरोनाचा डोंगर, त्यावर पाइनची झाडी, आणि झाडीच्या कडेकडेने बंगल्यांच्या वसाहती. हे भौगोलिक वर्णन उगाच दिलेलं नाही. वालेन्सिया प्रदेशात वनक्षेत्र आणि त्याच्या भोवतीचा ५०० मीटरचा पट्टा यांत आग पेटवण्यावर कडक बंधनं आहेत, आणि आमच्यासारख्या बऱ्याच वसाहती या पट्ट्याच्या आत येतात. घराच्या अंगणात पेटवलेली शेगडीसुद्धा त्यातून आपोआप सुटत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात जागेचे पर्याय मांडले. समुद्रकिनारा लगेच बाद. सान हुआनची रात्र, म्हणजे २३ जून सोडली तर वालेन्सियाच्या किनाऱ्यावर शेकोटी पेटवता येत नाही. फ्लॅटच्या गच्चीवर धूर वरच्या मजल्यावर जातो आणि बहुतेक सोसायट्यांच्या नियमांत कोळशाला मनाई असते. तिसरा पर्याय गावाबाहेर पाइनच्या सावलीत नगरपालिकेने बांधलेल्या चुलींचा. या चुलींना इथे ‘पाएयेरो’ म्हणतात, रविवारी तिथे सहकुटुंब पाएया हा इथला भाताचा पदार्थ शिजतो. जागा सुंदर, खर्च जवळजवळ नाही. पण अडचण मोठी आहे. वालेन्सिया प्रदेशाचं सरकार, म्हणजे जेनेरालितात, रोज दुसऱ्या दिवसासाठी वणव्याच्या धोक्याची पातळी जाहीर करतं: १ म्हणजे कमी ते मध्यम, २ म्हणजे जास्त, ३ म्हणजे टोकाची. पातळी २ किंवा ३ असली की रानातल्या चुली बंद. जूनच्या शेवटी पश्चिमेकडून ‘पोनिएन्ते’ हा कोरडा, तापलेला वारा सुटला की पातळी चढायला वेळ लागत नाही. सोळा माणसांचं जेवण त्या भरवशावर ठेवणं आम्हाला पटलं नाही.

उरली ती आमच्या वसाहतीच्या सामाईक बागेतली विटांची चूल. तीन बाजूंनी भिंत, वर धुराडं, धुराड्याच्या तोंडाला ठिणग्या अडवणारी लोखंडी जाळी. ही जाळी नक्की तपासा. काजळीने भरलेली किंवा गंजून फाटलेली असेल तर कागदावर परवानगी असूनही उपयोग नाही, कारण वणवा पेटतो तो उडालेल्या ठिणगीने.

१२ मे रोजी सोसायटीचे हिशेब आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला ईमेल केली. उत्तर यायला आठवडा लागला. त्यात एक पानी अर्ज, वापराचे २० युरो, आणि १०० युरो अनामत. अटी अशा: पाहुण्यांची संख्या आधी कळवायची, पोहण्याच्या तलावाजवळ काचेची भांडी न्यायची नाहीत, रात्री ११ला विस्तव विझलेला आणि संगीत बंद, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चूल साफ. अनामत भरण्याआधी चुलीचे, जाळीचे आणि आजूबाजूच्या फरशीचे फोटो काढून त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवून दिले. आधीपासूनचा तडा आपल्या नावावर लागू नये यासाठी एवढं पुरतं.

व्यवस्थापकाने जागा दिली, पण ५०० मीटरच्या पट्ट्याबद्दल त्याच्याकडे लेखी काही नव्हतं. म्हणून नगरपालिकेकडे अर्ज केला. इथे साध्या चौकशीचाही अर्ज रीतसर नोंदवता येतो आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. खिडकीवर जायचं तर आधी वेळ घ्यावी लागते. ऑनलाइन करायचं तर डिजिटल प्रमाणपत्र किंवा ‘क्लावे’ या सरकारी ऑनलाइन ओळखीची नोंदणी हवी. प्रमाणपत्र देते ती सरकारी टांकसाळ, म्हणजे फाब्रिका नासिओनाल दे मोनेदा इ तिम्ब्रे: संकेतस्थळावर मागणी नोंदवायची, मिळालेला क्रमांक आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र घेऊन कर कार्यालयात किंवा सामाजिक सुरक्षेच्या कार्यालयात समक्ष ओळख पटवायची, मग ते घरी येऊन उतरवायचं. मागणी ज्या संगणकावरून आणि ज्या ब्राउझरमधून केली तिथेच ते उतरवावं, नाहीतर गोंधळ होतो. बार्बेक्यूसाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटेल, पण हे प्रमाणपत्र पुढे कर, आरोग्यकार्ड, पत्ता नोंदणी, सगळ्याला लागतं. ज्यांनी अजून काढलं नसेल त्यांनी काढून ठेवावं.

अर्जात मोघम विचारू नका. आम्ही चुलीचे फोटो जोडले, वसाहतीचं ठिकाण नकाशावर दाखवलं, तारीख आणि वेळ लिहिली, आणि विचारलं की कोणत्या पातळीपर्यंत ही पक्की चूल वापरता येईल. स्पेनच्या २०१५च्या ३९ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे, वेगळी मुदत नेमलेली नसेल तिथे प्रशासनाला उत्तरासाठी तीन महिने असतात, म्हणून मेमध्येच अर्ज टाकणं गरजेचं होतं. उत्तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं: भिंती, छत आणि जाळी असलेली पक्की चूल पातळी १ आणि २ला चालेल, ३ला काहीही पेटवायचं नाही, पाण्याची नळी जोडलेली आणि हाताशी हवी, चुलीभोवतीचं वाळलं गवत काढलेलं हवं. हे उत्तर आमच्या गावापुरतं आहे. शेजारच्या गावात वेगळं असू शकतं, आणि कातालोनियात तर नियमच निराळे आहेत: तिथे १५ मार्च ते १५ ऑक्टोबर हा बंदीचा काळ धरला जातो. तेव्हा आपल्या गावाचं उत्तर आपणच लेखी मिळवावं. घरविम्याच्या कागदांत तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची जबाबदारी धरली आहे का, तेही याच सुमारास पाहून घेतलं.

त्या पत्राने अर्धी चिंता गेली, अर्धी राहिली. कारण पातळी कळते ती आदल्या संध्याकाळी. मांस, भाज्या, पाव सगळं त्याआधी घरात आलेलं असतं. यावर एकच मार्ग आहे, बेत असा आखायचा की विस्तव मिळाला नाही तरी जेवण अडता कामा नये. आम्ही प्रत्येक पदार्थापुढे लिहिलं की तो ओव्हनमध्ये किंवा विजेच्या तव्यावर कसा होईल. वांगी-मिरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासाभरात होतात, कोंबडीच्या सळ्याही होतात. पातळ बरगड्या तव्यावर चालतात. मोठा जाड चुलेतॉन, म्हणजे हाडासकटचा गोमांसाचा तुकडा, मात्र यादीतून काढला. निखाऱ्याशिवाय त्याची मजा नाही आणि तो महागही असतो.

पदार्थ ठरवताना पहिला नियम, निम्मं जेवण थंड आणि आदल्या दिवशी तयार. स्पॅनिश बार्बेक्यूत पाहुणे आल्यावर तासभर तरी ऑलिव्ह, बदाम, टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप असं चालू असतं, निखाऱ्यावरचं नंतर येतं. दुसरा नियम आमच्यासारख्यांसाठी: शाकाहारी पदार्थ आधी भाजायचे, स्वच्छ जाळीवर, वेगळ्या चिमट्याने. हे पाहुण्यांना आधीच कळवलं तर ते निर्धास्त जेवतात.

प्रमाण असं धरलं. मांस खाणाऱ्या मोठ्या माणसाला हाडासकट ४०० ग्रॅम, मुलाला २०० ग्रॅम. सात मोठे आणि चार मुलं म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. प्रत्यक्षात ४ किलो १०० ग्रॅम घेतलं. त्यात १ किलो ३०० ग्रॅम कोंबडीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस, १ किलो कोकराच्या बरगड्या, ८०० ग्रॅम लॉन्गानिसा हे लांब, बारीक सॉसेज, ५०० ग्रॅम ताजा चोरिसो आणि ५०० ग्रॅम इबेरिको डुकराचा ‘सेक्रेतो’. खांद्याच्या मागचा हा पातळ, चरबीच्या रेषा असलेला तुकडा निखाऱ्यासाठी सगळ्यांत उत्तम, असं माझं ठाम मत आहे. कोंबडीच्या छातीचं मांस घेऊ नका, ते निखाऱ्यावर कोरडं पडतं. चोरिसो ताजाच हवा. काप करून नुसता खायचा कडक वाळवलेला चोरिसो भाजला तर चरबी गळून चामडं उरतं. गोव्याच्या चोरिसाची सवय असलेल्यांना यात व्हिनेगरचा आंबटपणा आणि मिरचीचा झटका सापडणार नाही, इथे लसूण आणि धुरावलेली पिमेंतॉन, म्हणजे लाल मिरचीची पूड, यांचीच चव असते. आणि डुक्कर न खाणाऱ्यांसाठी ‘कोंबडीचा चोरिसो’ आणत असाल तर वेष्टन वाचा: वरचं आतडं किंवा आतली चरबी बऱ्याचदा डुकराची असते. ‘मोर्सिया’ हे काळं सॉसेज रक्ताचं असतं, हेही सांगून ठेवलेलं बरं.

शाकाहाऱ्यांसाठी मुख्य पदार्थ वालेन्सियाचाच, एस्पेनकात. निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि लाल ढोबळी मिरची सोलून हाताने लांब पट्ट्या काढायच्या, वर लसणाचे पातळ काप, मीठ, भरपूर ऑलिव्ह तेल. इथले लोक त्यात खारवलेला कॉड मासा आणि उकडलेलं अंडं घालतात. आम्ही ते वेगळ्या ताटलीत ठेवलं. भरताची सवय असलेला हात वांगं कुस्करायला जातो, पण इथे पट्ट्याच राहू द्यायच्या. सोबत पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या ६०० ग्रॅम, मक्याची कणसं, फॉइलमधले बटाटे, अळंब्यांच्या सळ्या, आणि चीज. चीजबद्दल सावध राहा. मान्चेगोसह बरीच पारंपरिक स्पॅनिश चीज प्राण्याच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहाऱ्यांसाठी एक्स्त्रेमादुरातलं ‘तोर्ता देल कासार’ आणलं. मेंढीच्या दुधाचं हे चीज काटेरी कार्दोच्या फुलांनी विरजतात. आतून ते जवळजवळ वाहतं, वरचं झाकण कापून पावाने खायचं. भाजायला वेष्टनावर ‘वनस्पतिजन्य’ किंवा ‘सूक्ष्मजीवजन्य’ रेनेट असं लिहिलेलं घट्ट चीज घेतलं.

खर्चासाठी ‘बोते’, म्हणजे सगळ्यांची वर्गणी, ही इथली सर्रास रीत आहे आणि त्यात संकोच नसतो. माणशी २० युरो ठरले, मुलांचे काही नाही. १५ जूनपर्यंत बिसुम या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने पैसे आले. आपल्याकडे पाहुण्यांकडून पैसे घेणं जिवावर येतं, पण चार जोडपी मिळून जमत असतील तर स्पॅनिश शेजाऱ्यांना हीच पद्धत मोकळी वाटते. काहींनी टरबूज आणि आइस्क्रीम आणायचं पत्करलं, ते वर्गणीशिवाय वरचं.

कोळसा सान हुआनच्या आधीच घेऊन ठेवा. त्या आठवड्यात दुकानांतली फडताळं रिकामी होतात. आम्ही एन्सिनाच्या, म्हणजे सदाहरित ओकच्या कोळशाच्या तीन किलोच्या तीन पिशव्या घेतल्या, १८ युरो. जवळजवळ सात किलो लागला. पिशवी हाताने चाचपून बघा: मोठे तुकडे हवेत, तळाशी चुरा जास्त असेल तर हवा खेळत नाही आणि धूर होतो. ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या, जास्त वेळ टिकतात, पण त्यांची धग एन्सिनाइतकी तिखट नसते. संत्र्याचं लाकूड इथे पाएयासाठी वापरतात, त्याचे निखारे छान होतात, फक्त लाकडाला तासभर जास्त धरावा. ला रियोखात बरगड्या द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजतात. ती आग झटकन मोठी होते आणि निखारा पंधरा मिनिटांत ओसरतो, म्हणून सोळा माणसांना ती पुरत नाही. आणि ज्वाळा उंच उठतात, ते या ऋतूत नको. पाइनचं लाकूड, रंगवलेल्या फळ्या, पॅकिंगची लाकडी पेटी यांतलं काहीही जाळू नका. राळेची काजळी आणि रंगाचा विषारी धूर थेट अन्नाला लागतो.

खाटकाला २४ तारखेच्या आसपास मागणी द्यायची होती, पण ती बऱ्याचदा सान हुआनची सुट्टी असते, म्हणून सोमवारीच सांगितलं. दुकानात शिरताना ‘शेवटचं कोण?’ असं विचारून आपला नंबर धरायचा. कोकराच्या बरगड्या न सांगता पातळ कापून मिळतात. दीड सेंटिमीटर जाडीच्या मागा, नाहीतर बाहेरून तपकिरी व्हायच्या आत आतून कोरड्या होतात. लॉन्गानिसा अखंड साखळीतच घ्या. शनिवारी गावातली छोटी दुकानं दुपारी दोनला बंद होतात आणि रविवारी बहुतेक सगळंच बंद, त्यामुळे शनिवार दुपारनंतर काही आठवलं तर उपयोग नसतो.

शुक्रवारी सकाळी वालेन्सियाच्या मर्कात सेन्त्राल या मध्यवर्ती बाजारात गेलो. १९२८ सालची ही इमारत एरवीही बघण्यासारखी आहे. सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते दुपारी तीन चालू असते. तिथून सहा लाल मिरच्या, पाच वांगी, ऑलिव्ह, नॉरा या गोल सुक्या लाल मिरच्या, बदाम, हेझलनट, तोर्ता देल कासार.

दुपारी कोंबडीला मुरवण लावलं. पिंचो मोरुनो या सळीवरच्या मांसाचा मसाला मूळचा उत्तर आफ्रिकेच्या वळणाचा, म्हणून आपल्या जिभेला परका वाटत नाही. १ किलो ३०० ग्रॅम मांसाला दीड मोठा चमचा गोड पिमेंतॉन, दोन छोटे चमचे जिरेपूड, एक छोटा चमचा धनेपूड, अर्धा चमचा हळद, थोडा ओरेगॅनो, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, ६० मिली तेल, १८ ग्रॅम मीठ. लिंबू आत्ता घालायचं नाही. रात्रभर आंबटात राहिलं तर मांस पिठूळ होतं, म्हणून ते भाजण्याआधी तासभर. तुकडे अडीच सेंटिमीटरचे, सळीवर एकमेकांना चिकटू न देता. सळ्या धातूच्या चपट्या घ्या. गोल सळीवर तुकडा जागीच फिरतो आणि कच्ची बाजू कच्चीच राहते.

रोमेस्को हा तारागोनाकडचा सॉस भाज्या आणि मांस दोन्हींना लागतो. चार नॉरा बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या आणि आतला गर चमच्याने खरवडला. तीन टोमॅटो आणि एक अख्खा लसणाचा गड्डा ओव्हनमध्ये भाजला. ५० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम हेझलनट, पावाचा तळलेला एक काप, दोन मोठे चमचे शेरी व्हिनेगर, मीठ, आणि वाटताना १५० मिली ऑलिव्ह तेल. नॉरा तिखट नसते. मिळाली नाही तर बिया काढलेली ब्याडगी रंगाला चालते, दोनच घ्याव्यात. सुकामेव्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे विचारून ठेवा.

अय्योली, म्हणजे लसूण आणि तेलाचा घट्ट सॉस, करायला खलबत्ताच हवा. चार पाकळ्या चिमूटभर मिठासोबत अगदी गुळगुळीत वाटायच्या आणि २०० मिली तेल आधी थेंबाथेंबाने, मग बारीक धारेने, एकाच दिशेला घोटत. तेल घाईने पडलं किंवा फ्रिजमधून थंडगार आलं तर ते फुटतं. फुटलंच तर नवी पाकळी वाटून त्यात फुटलेलं मिश्रण थेंब थेंब घालून परत बांधता येतं. अंड्याचं मेयोनेझ तीस अंशांच्या संध्याकाळी बाहेर ठेवणं धोक्याचं, कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. त्याऐवजी दुधाचं केलं: १०० मिली दूध, २०० मिली सूर्यफूल तेल, दोन्ही घरातल्या तापमानाला, लसूण, मीठ, आणि हातातला ब्लेंडर तळाला टेकवून न हलवता चालवायचा. घट्ट झाल्यावर लिंबू. अंडं न खाणाऱ्यांनाही ते चालतं, आणि लहान मुलांना तर बटाट्यासोबत तेच हवं असतं.

संध्याकाळी पातळी बघायची वेळ आली तेव्हा मनात धाकधूक होती. आमच्या भागासाठी २ निघाली. म्हणजे रानातल्या चुली बंद, आमची पक्की चूल चालू. नगरपालिकेचं पत्र छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. गस्तीवरचे स्थानिक पोलीस धूर पाहून विचारायला येऊ शकतात.

शनिवारी साडेपाचला चुलीपाशी. भोवतालच्या दोन मीटरमधली पाइनची सुकी पानं झाडली, नळी जोडून पाणी येतंय का पाहिलं, अग्निशामक नळकांडं भिंतीला ठेवलं. भाजायची जाळी तारेच्या ब्रशने घासून अर्ध्या कांद्याने पुसली. साडेसहाला कोळसा पेटवायच्या लोखंडी नळकांड्यात पहिला कोळसा पेटवला, तळाशी दोन मेणाच्या वड्या. पेट्रोल, स्पिरिट कधीही नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांनी वर पांढरी राख चढली. ज्वाळा दिसतात तोवर काहीच ठेवायचं नाही, घाई इथेच होते. जाळीच्या वर दहा सेंटिमीटरवर तळहात धरायचा: दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर धग तीव्र, पाच-सहा सेकंद धरता आला तर मध्यम. निखारे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरले, आणि एक कोपरा पूर्ण रिकामा ठेवला. हा रिकामा कोपरा नसेल तर चरबी पेटल्यावर पळायला जागा राहत नाही.

पहिल्या धगीवर वांगी आणि मिरच्या, साल पूर्ण काळी होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास. वांग्याला आधी सुरीचं टोक टोचा, ते फुटतं. मग सगळं पातेल्यात घालून वीस मिनिटं झाकण. वाफेने साल सुटते. नळाखाली धरून सोलू नका, धुराची चव पाण्यासोबत वाहून जाते. बोटं ओली करून सोलावं. बटाटे फॉइलमध्ये कडेला पुरले, तासभर.

आठच्या सुमारास दुसरा कोळसा नळकांड्यात वेगळा पेटवला. कच्चा कोळसा भाजणाऱ्या अन्नाखाली टाकला की पहिली दहा मिनिटं कडवट धूर निघतो, म्हणून तो नेहमी बाहेर पेटवून मगच आत. साडेआठला पाहुणे यायला लागले. गास्पाचो, पाव-टोमॅटो, ऑलिव्ह बाहेर. प्यायला तिन्तो दे वेरानो: लाल वाइन आणि गासेओसा, म्हणजे गोडसर सोडा, सारख्या प्रमाणात, भरपूर बर्फ, लिंबाची चकती. ते भांड्यात आधी बनवून ठेवू नका, गॅस उडतो. न पिणाऱ्यांसाठी आलबोराया गावची, चुफा या छोट्या कंदापासून केलेली थंड ओर्चाता आणि घरून आणलेलं कोकम सरबत. ओर्चाता ताजी असली तर फ्रिजबाहेर टिकत नाही, बर्फातच ठेवावी.

नऊला भाज्यांच्या सळ्या, कणसं, चीज. चीज तीव्र धगीवर प्रत्येक बाजूला मिनिट-दीड मिनिट, जाळीला तेल लावून, आणि एकदाच उलटायचं. पाद्रोनच्या मिरच्या भोकांच्या तव्यात तीन-चार मिनिटं, वर जाड मीठ. एखादी अचानक झणझणीत निघते, मुलांना सांगून ठेवा. शाकाहारी ताटं वाढून झाल्यावर दुसरी जाळी चढवली.

मग लॉन्गानिसा आणि चोरिसो मध्यम धगीवर बारा ते पंधरा मिनिटं. त्यांना टोचायचं नाही. टोचलं की चरबी निखाऱ्यावर पडते, जाळ उठतो, आणि काजळी बसते. जाळ उठलाच तर पाणी मारू नका, राख उडून अन्नावर येते. मांस रिकाम्या कोपऱ्यात सरकवा, अर्ध्या मिनिटात शांत होतं. कोंबडीच्या सळ्या मध्यम धगीवर बारा मिनिटं, चारी बाजूंनी, आणि आतलं तापमान ७४ अंश होईपर्यंत. पंधरा-वीस युरोंचा टोचायचा तापमापक इथे डोळ्यांपेक्षा विश्वासू. कोकराच्या बरगड्या दुहेरी जाळीत लावल्या, म्हणजे सगळ्या एकदम उलटतात. तीव्र धगीवर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं, जाड मीठ भाजता भाजता. शेवटी सेक्रेतो, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं, मग पाच मिनिटं विसावा आणि तंतूंना आडवे काप. तोवर साडेदहा वाजले होते. टरबूज कापायला घेतलं आणि निखारे पसरवून टाकले.

विझवताना तापलेल्या विटांवर बादली ओतू नये, विटा तडकतात आणि वाफ अंगावर येते. पसरलेल्या निखाऱ्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडत, पळीने ढवळत, वाफ थांबेपर्यंत. अकराला चूल काळी होती. राख मात्र रात्रभर झाकणाच्या धातूच्या बादलीत, आणि रविवारी दुपारी हात घालून थंड असल्याची खात्री करूनच कचऱ्याच्या ‘रेस्तो’ डब्यात. वरून विझलेली राख आतून कितीतरी तास धगधगत असते, आणि प्लास्टिकचे डबे त्यानेच पेटतात.

एकूण खर्च २७० युरो: मांस ५४, भाज्या ४०, चीज ३०, पाव १२, कोळसा १८, पेयं ७०, तेल-सुकामेवा वगैरे २६, चुलीचं भाडं २०. बोतेतून २४० आले. पेयांवर सगळ्यांत जास्त गेले, आणि दरवेळी तसंच होतं. बर्फ मात्र कमी पडला, माणशी दीड किलो धरावा. रविवारी साफ चुलीचे फोटो पुन्हा व्यवस्थापकाला पाठवले. अनामत ११ जुलैला खात्यात परत आली. नगरपालिकेचं पत्र जपून ठेवलं आहे, पण गावाचे नियम पुढच्या वर्षीपर्यंत बदलू शकतात, त्यामुळे पुढच्या मेमध्ये नव्याने अर्ज करताना त्याचा क्रमांक संदर्भ म्हणून द्यायचा आहे.